सुलभाचं उजवं वळण

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी एका कर्तबगार माणसाची ओळख छापतात. आत्तापर्यंत तीन डॉक्टर झाले, दोन कंपन्यांचे मालक झाले आणि एक असे गृहस्थ झाले की त्यांची कर्तबगारी नेमकी कशात आहे ते लेख दोनदा वाचूनही मला कळलं नाही. यंदा संपादक मला म्हणाले, "श्रीराम, तुम्ही लिहा कुणावर तरी." मी म्हटलं, लिहितो, पण माझ्या बायकोवर लिहीन. ते हसले. त्यांना वाटलं, मी चेष्टा करतोय. स्वतःच्या बायकोचं कौतुक छापून आणणं बरं दिसत नाही हे मलाही कळतं. पण जे मी डोळ्यांनी पाहिलं आणि कॅमेऱ्यात घेतलं, ते दुसरं कोण लिहिणार?

तर, सुलभा टेंबे. वय पंचेचाळीस, माहेर मिरजेचं. आम्ही सांता क्लाराला राहतो, आणि तिथून रोज अर्धा तास गाडी चालवून ती अंध मुलांच्या एका निवासी शाळेत मदतनीस शिक्षिका म्हणून जाते. ब्रेल ती चाळिशीत शिकली. पार्टीत कुणी विचारलं आणि तिने हे सांगितलं की लोक "अरे वा, समाजसेवा!" म्हणतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात. मला याचा संताप येतो. सुलभाला येत नाही. ती म्हणते, "वळू दे की, भज्यांची प्लेट तिकडेच आहे."

ही शाळा दर फेब्रुवारीत मोठ्या मुलांना सिएराच्या डोंगरात बर्फावर घेऊन जाते. अंध मुलं स्की करतात हे मलाही आधी खरं वाटलं नव्हतं. पण करतात, आणि झकास करतात. फक्त प्रत्येक मुलामागे एक वाटाड्या लागतो. तो पाठीमागून स्की करत येतो आणि "लेफ्ट", "राइट", "स्टॉप" असं ओरडून वाट सांगतो. हे वाटाडे म्हणजे हौसेने येणारी माणसं, त्यामुळे ती कधी पुरतात, कधी पुरत नाहीत. १९८६ साली सुलभा पहिल्यांदा मुलांबरोबर गेली तेव्हा एक वाटाड्या कमी पडला. मग आधी स्की केलेल्या मुलांनी नवीन मुलांना संधी द्यायची असं ठरलं आणि डेलिया नावाची चौदा वर्षांची मुलगी दिवसभर पायथ्याच्या लॉजमध्ये बसून राहिली. डेलिया जन्मापासून आंधळी, आणि त्या सगळ्या मुलांत सर्वांत चांगली स्की करणारी. एकदा तरी अगदी वरच्या उतारावरून खाली यायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

घरी आल्यावर सुलभाने बूटसुद्धा काढले नाहीत. दारातच म्हणाली, "एवढी गुणी पोर, आणि दिवसभर खिडकीशी बसवून ठेवली! तिला खिडकीचा उपयोग काय?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी मिळेल की कुणीतरी." तर म्हणाली, "अहो, पुढच्या वर्षी मी जाईन तिच्यामागे."

मी हसलो. नको होतं हसायला. त्या सहलीपर्यंत या बाईने बर्फ हात लावून पाहिला होता तो फ्रीजर साफ करताना.

पहिला हिवाळा नुसता पडण्यात गेला. चार तास गाडी चालवून जायचं, दिवसभर आपटायचं, चार तास गाडी चालवून परत यायचं. तिच्या शेजारून पाच वर्षांची पोरं सूं करून निघून जायची. एकदा डावा गुडघा चांगलाच मुरगळला, महिनाभर टम्म सुजला होता. तरी जानेवारीच्या शेवटी तिने वाटाड्याची परीक्षा दिली, आणि त्यात ती सणसणीत नापास झाली. वाटाडे पुन्हा कमी पडले आणि डेलियाही त्या वर्षी पुन्हा खिडकीशीच बसली. आता उरलं होतं ते फक्त १९८८. त्या जूनमध्ये डेलियाचं कुटुंब टेक्ससला जाणार होतं आणि ती ही शाळा सोडणार होती.

परीक्षा घेणारा ग्लेन नावाचा साठीचा गृहस्थ होता, ओठांवर भरघोस मिशी, आणि बोलणं मोजकं. त्याने सुलभाला सांगितलं, "वळणांवर ताबा नाही. स्वतःचा व्हिडिओ काढून बघा. आपण कसे चाललोय असं आपल्याला वाटतं आणि खरे कसे चाललेले असतो, यात फार अंतर असतं."

व्हिडिओ म्हटल्यावर माझी कॉलर ताठ झाली. आमच्या मंडळाचा अधिकृत कॅमेरामन मीच. खांद्यावर घ्यायचा तो मोठा कॅमकॉर्डर आमच्या बे एरियातल्या मराठी घरांत आमच्याकडे सर्वांत आधी आला. मंडळाचा गणपती, मुंजी, डोहाळजेवणं, सगळं मी घेतलेलं आहे. माझे नियम दोन. एक, प्रत्येकाचा चेहरा आला पाहिजे, नाहीतर भांडणं होतात. दोन, कोण कोण आहे ते बोलत राहायचं, म्हणजे कॅसेट पाहणाऱ्याला नवीन मंडळी कळतात. आजवर एकाही माणसाने तक्रार केलेली नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही डोंगरात गेलो. थंडीने बॅटरी बसते म्हणून मी ती स्वेटरच्या आत पोटाशी धरून ठेवली होती. उताराच्या अगदी कडेला, सुलभा जिथून जाणार तिथून हातभर अंतरावर उभा राहिलो आणि तिच्या तीन फेऱ्या घेतल्या. घरी आलो, चहा झाला, आणि सगळे टीव्हीसमोर बसलो. पडद्यावर सुलभाचा चेहरा. लाल नाक, टोपी, पुन्हा चेहरा. वर माझा आवाज: "आणि या आल्या सौ. सुलभा टेंबे, मागे दिसतात ती देवदारची झाडं..."

"अहो, पाय कुठे आहेत?" सुलभा म्हणाली.

"कुणाचे?"

"माझे! आणि स्की कुठे आहेत?"

आमची मुलगी उत्तरा सोफ्यावर लोळून हसत होती. "बाबा, धिस इज अ वेडिंग व्हिडिओ!" ती म्हणाली. मला राग आला, पण त्यात खोटं काय होतं? पाऊण तासाच्या कॅसेटमध्ये एकही पाय नव्हता. पुढच्या शनिवारी लांब उभा राहून सगळं घेईन, असं मी कबूल केलं. पण पुढच्या शनिवारी बर्फाच्या वादळाने घाटाचा रस्ता बंद झाला. परीक्षा तीस तारखेला होती, आणि आमच्या हातात माझी ती चेहऱ्यांची कॅसेट तेवढी होती.  सुलभाने चिडून दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिने डेलियाला घरी जेवायला आणलं. जेवताना कॅसेटचा विषय निघाला. डेलिया म्हणाली, "लावा ना, मला ऐकायची आहे."

मी चाचरत म्हणालो, "त्यात बघण्यासारखं काही नाही गं."

"मला कुठे बघायचंय?" ती म्हणाली. टेबलाखालून सुलभाने माझ्या पायावर पाय दिला.

लावली. पहिली फेरी संपल्यावर डेलियाने विचारलं, "हा माणूस कोण?" सुलभा म्हणाली, "माझा नवरा, आत्ता तुझ्या समोर बसलाय तोच." "कधी गप्प बसतो का?" "नाही," सुलभा म्हणाली. माझ्या घरात, माझं मीठ घातलेली आमटी खाऊन, ही चर्चा!

दुसऱ्या फेरीतही मीच बोलत होतो. तिसऱ्या फेरीत मात्र आवाज बंद. कारण तेव्हा मी संक्रांतीसाठी केलेला तिळाचा लाडू खात होतो, आणि थंडीने तो असा दगड झाला होता की तोंड उघडणं शक्यच नव्हतं. कॅसेटवर फक्त बर्फावरून जाणाऱ्या स्कींचा आवाज. डेलिया पुढे झुकली. "पुन्हा लावा," म्हणाली. आम्ही चार वेळा लावली. मग तिने तळहात गालिच्यावर घासून दाखवला. "श्श. खर्रर्र. श्श. खर्रर्र. मिसेस टेंबे, तुमचं एक वळण बर्फ कापतंय आणि दुसरं नुसतं खरवडतंय. एकाआड एक. कुठलं ते मला कळत नाही."

सुलभा एकदम टीव्हीच्या जवळ जाऊन बसली. पाचव्यांदा कॅसेट लागली. आता ती स्वतःचा चेहरा बघत होती. 'श्श' होताना पडद्यावरचा चेहरा डावीकडे बघत होता, स्वस्थ. 'खर्रर्र' होताना उजवीकडे, आणि दर वेळी ओठ घट्ट मिटलेले, जबडा आवळलेला. प्रत्येक उजव्या वळणाला ती घाबरत होती. तिचा हात आपोआप डाव्या गुडघ्यावर गेला.

"उजवीकडे वळताना सगळा भार डाव्या पायावर टाकायचा असतो," ती मला मराठीत म्हणाली. "मी टाकतच नाहीये. गुडघा बरा होऊन वर्ष होत आलं, पण मीच त्याला अजून आजारी धरून बसलेय."

माझ्या दोन्ही कॅमेरा-नियमांचं त्या दिवशी काय झालं ते नीट लिहून ठेवतो. पहिला नियम उपयोगी पडला, दुसरा मोडला म्हणून उपयोगी पडला.

पुढचे दोन आठवडे सुलभा डाव्या पायावर उभी होती. दात घासताना, पोळ्या लाटताना, आईशी मिरजेला फोनवर बोलतानासुद्धा. तेवीस तारखेला रस्ता उघडला तेव्हा आम्ही गेलो, आणि ती दिवसभर टोपी कानांवरून वर सरकवून स्वतःचा आवाज ऐकत खाली आली. सकाळी खर्रर्र होतं. दुपारी ते कमी झालं. चारच्या सुमाराला ती माझ्यापाशी येऊन थांबली आणि एवढंच म्हणाली, "ऐकलंत?" मी ऐकलं होतं. तीस तारखेला ग्लेनने तिला तीन वेळा खाली आणलं, मिशीवरून हात फिरवला आणि कागदावर सही केली.  गाडीत बसल्यावर तिने स्टिअरिंगवर डोकं ठेवून मनसोक्त रडून घेतलं, आणि मला म्हणाली, "चला, भूक लागलीय."

फेब्रुवारीत, शाळेच्या सहलीच्या दिवशी, डोंगरावर लख्ख ऊन होतं. वर जाण्याआधी चेअरलिफ्टपाशी डेलियाने मला बजावलं, "मिस्टर टेंबे, आज तोंड बंद. मला मिसेस टेंबेंचा आवाज ऐकू आला पाहिजे." मी मान डोलावली, मग ध्यानात आलं, आणि "हो" म्हणालो.

मी त्या वरच्या उताराच्या खाली, अगदी शेवटी उभा राहिलो. या वेळी लांब उभा राहिलो आणि दोघींना डोक्यापासून स्कींपर्यंत पूर्ण घेतलं. आधी वरून सुलभाचा आवाज आला. "लेफ्ट... लेफ्ट... अँड राइट... शाब्बास, शाब्बास!" हा शब्द तिने डेलियाला कधी शिकवला नव्हता, पण पोरीला तो बरोबर समजला. मग त्या दिसल्या. पुढे लाल जाकिटातली डेलिया, मागे काठीभर अंतर राखून माझी बायको. डावं वळण, उजवं वळण, डावं, उजवं. मी एका डोळ्याने व्ह्यूफाइंडरमध्ये बघत होतो आणि दोन्ही कानांनी ऐकत होतो. श्श. श्श. श्श. कुठेही खरखर नाही. त्या अख्ख्या डोंगरावर त्या दिवशी पन्नास-साठ माणसं तरी होती, आणि त्यांच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं की ही मिरजेची बाई दोन वर्षांपूर्वी फ्रीजरमधला बर्फ खरवडत होती. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. मी दात आवळून गप्प राहिलो.

दोघी माझ्यापासून चार पावलांवर येऊन थांबल्या. धापा टाकत डेलियाने माझ्या दिशेला तोंड केलं.

"मिस्टर टेंबे," ती म्हणाली, "आता बोला."

ती कॅसेट डेलियाकडे टेक्ससला आहे, तिची एक प्रत आमच्याकडे आहे. तिच्यात यानंतर अकरा सेकंद कुणीच बोलत नाही. वारा ऐकू येतो, आणि कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज येतो. मग डेलियाचा आवाज: "मिसेस टेंबे, हा तोच माणूस आहे ना?"

आणि सुलभा म्हणते, "हो गं, तोच."