ओट्यासमोरचा कॅमेरा

चौसाळ्यात माझं लोखंडी सामानाचं दुकान आहे. संध्याकाळी ओट्यावर चारपाच जण जमायचे आणि सगळ्याच पक्षांना मोकळ्या तोंडानं शिव्या घालायचे. गावात चोऱ्या झाल्या तेव्हा ग्रामसभेत कॅमेऱ्यांचा विषय निघाला. मी उठून म्हणालो, "आपल्या गावाची राखण आपणच करू. पाळीपाळीनं गस्त घालू."

सरपंच म्हणाले, "कावून नको कॅमेरे? तुमच्याकडं लपवण्यासारखं काय हाय?"

सगळी सभा हसली. मी खाली बसलो.

कॅमेऱ्याचा खांब नेमका माझ्या दुकानासमोर उभा राहिला. चित्र सरपंचांच्या मोबाइलवर दिसायचं. एकदा वाटेत ते सहज म्हणाले, "काल लई येळ बैठक चालली तुमची." हळूहळू ओटा रिकामा झाला. कॅमेऱ्याला ऐकू येत नाही हे ठाऊक असूनही मीसुद्धा गिऱ्हाइकाशी दबक्या आवाजात बोलायला लागलो.

शेवटी मी ओट्यापुढं ताडपत्री बांधली. लगेच पंचायतीचा शिपाई आला. "काका, काढा ती. कॅमेऱ्याला आडवी येतीय."

"ओटा माझा, ताडपत्री माझी," मी म्हणालो.

तो खांबाकडं बघत पुटपुटला, "मी हितं उभा हाय, ते बी दिसतंय त्यांना."

त्याच्या नोकरीचा विचार करून मीच स्टुलावर चढलो आणि दोऱ्या सोडल्या.