मुठीतली चांदीची डबी

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. ती गेली तेव्हा मनात आलं, सांगायचं राहून गेलं. पण राहून कसलं जातंय? चाळीस वर्षं आम्ही एका ताटलीतल्या शेंगा फोडून खाल्ल्या. सांगायचं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून लेखणी उचलतोय — एवढंच.

आधी मी कोण ते ऐका. सास्तूरपासून लोहाऱ्यापर्यंतच्या आमच्या पट्ट्यात मी पहिला बी.ए. हे मिरवायला लिहीत नाही, असं लिहिणार होतो — पण मिरवायलाच लिहितोय. आजही ती दोन अक्षरं काढताना पाठ ताठ होते. निजामाचं राज्य होतं, शिक्षण सगळं उर्दूतून. हैदराबादला एका खोलीत सहा जण राहून शिकलो. परत आलो तेव्हा माझी दरख्वास्त कचेरीतला कारकून दोनदा वाचायचा, नुसत्या अक्षरासाठी.

मला शिकवलं ते अण्णांनी. थोरले भाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. मी पाळण्यात होतो तेव्हा वडील गेले. अण्णा स्वतः अंगठा उठवायचे. ओढ्याला पाणी असलं की मला खांद्यावर घेऊन शाळेत सोडायचे, आणि शाळा सुटेपर्यंत ओढ्याच्या काठी बसून राहायचे. पाणी वाढलं तर? म्हणून.

आम्ही लिंगायत. आमच्यात जन्मल्या पोराच्या गळ्यात लिंग बांधतात, ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. मेल्यावरही डाव्या तळहातावर ठेवून माती देतात. अण्णांचं लिंग चांदीच्या डबीत होतं, लिंबाएवढ्या. त्यांच्या छातीवर त्या डबीचा गोल डाग पडला होता. हे नीट ध्यानात ठेवा. पुढं सगळं त्या डबीवर येतं.

मी हैदराबादला असताना अण्णांना शिंदी प्यायची चटक लागली. मग शिंदीच्या जोडीला गांजा. लिंगायताच्या घरात! मी सुट्टीवर यायचो, वास यायचा, आणि मी — शिकलेला माणूस — नाक मुरडून ओसरीवर झोपायचो. शेवटची परीक्षा देऊन कायमचा परत आलो तेव्हा मी काय केलं माहीत आहे? खोलीला बाहेरून कडी घातली. एका दिवसात सगळं बंद. वैनी म्हणाल्या, "भाऊजी, जरा दमानं घ्या, हळूहळू सुटंल." मी त्यांना पुस्तकातलं काहीतरी ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी अण्णांचे हात थरथरायला लागले. चौथ्या दिवशी भिंतीतून मुंग्या निघतात म्हणून ते नखांनी भिंत खरवडायला लागले. मग डोकं आपटायला लागले. तो आवाज — नारळ फोडतात ना, तसा, पण थांबत नाही असा. कपाळ फुटलं, पांढऱ्या मातीची भिंत लाल झाली. खाणं नाही, झोप नाही. कडी काढली, घाबरून शिंदीही आणून पाजली, पण ती पोटात ठरेना. नवव्या दिवशी गावच्या वैद्यांनी नाडी सोडली आणि म्हणाले, "हैदराबादला येड्यांचं इस्पितळ हाय, तिथं न्या. न्हायतर चार-पाच दिवसांत हे आपलंच डोकं फोडून मरतील."

न्या म्हणणं सोपं. न्यायचं कशात?

उमरग्यापर्यंत बैलगाडी, तिथून हैदराबादची सर्व्हिस मोटार. हणमंताकडं गेलो, गावात चांगली जोडी त्याचीच. तो म्हणाला, "बी.ए. झालास म्हणून माझी बैलं येड्याच्या दातात दिऊ व्हय? जवान बसीव गाडीत, मग जुंपतो." मोटारवाल्याचंही तेच — पोलिसाचा जवान सोबत असल्याशिवाय येडा चढवणार नाही. मग तालुक्याची कचेरी. मी माझी सुंदर दरख्वास्त घेऊन गेलो. कारकुनानं वाचली, वर बघितलं.

"अक्षर झकास हाय तुमचं. पण ह्यो माणूस डोकं कुणाचं फोडतोय?"

"स्वतःचं."

"मग? कायदा दुसऱ्याच्या डोक्यापुरता हाय, बी.ए.साहेब. दुसऱ्याचं फोडलं की या."

तिथली सगळी माणसं हसली. मीही हसलो — तेच मला पुष्कळ दिवस छळत होतं, की मीही हसलो. शेवटी फार विनवल्यावर असं ठरलं: शुक्रवारी एक जवान येईल, पोलीस पाटील आणि दोन पंच घेऊन अण्णांना बघेल. लोकांना खतरनाक वाटले तर लगेच ताब्यात घेऊन हैदराबादला पोचवेल. नाही वाटले तर परत जाईल. पुन्हा येणार नाही.

शुक्रवारी सकाळी अण्णा शांत झाले.

विचार करा. अकरा दिवसांत पहिल्यांदा. डोकं आपटणं थांबलं. कोपऱ्यात पाठ टेकून बसले, डबी दोन्ही मुठींत छातीशी धरलेली, ओठ हलत होते. अंगात काही उरलंच नव्हतं, म्हणून शांत. वैद्य म्हणाले होते, असं झालं तर फारच घाई करा. जवानानं दारातून बघितलं आणि म्हणाला, "ये तो बिचारा मुर्दा है जी. इससे किसको खतरा?" आणि अंगणात जाऊन बूट घालायला लागला. पाटीलही उठले. हणमंतानं गाडीचं जू खाली टेकवलं.

मी म्हणालो, "थांबा. बाहेर आणतो. उजेडात बघा."

आता खरं सांगतो. हे मला त्या क्षणी सुचलं नाही. आदल्या दिवशीच मी घरातली कुऱ्हाड, कोयता, पहार, विळी — सगळं लोखंड गोळा करून शेजारी ठेवून आलो होतो. सकाळी जुना सदरा घातला होता. का घातला होता? फाटला तर फाटावा म्हणून. अण्णा चवताळून माझ्या अंगावर येतील, दोन-चार थपडा मारतील, सदरा फाडतील, पंच बघतील — असा माझा हिशेब होता. कचेरीतल्या कारकुनाला हवं होतं ते मी त्याला दाखवणार होतो. केवढी हुशारी! बी.ए.ची हुशारी.

खोलीत आम्ही दोघंच. मी जवळ गेलो तसे अण्णांनी डोळे उघडले. मला बघितलं — ओळखून बघितलं. म्हणाले, "शिवा, पाणी दे रं."

मी वाकलो. पाण्यासाठी नाही. त्यांच्या मानेमागं हात घातला आणि डबीचा शिवदोरा एका हिसक्यात तोडला. डबी मुठींतून निघेना. मी त्यांची बोटं उलटी दाबली — करंगळीचा कट्‌कन आवाज झाला — आणि डबी काढून घेतली. मग त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "अण्णा, तुम्ही बाटलात. तुमच्या गळ्यात आता शिव न्हाय."

हे वाक्य मी रात्री पाठ केलं होतं.

मी दाराबाहेर पडलो. मागून जो आवाज आला तो माणसाचा होता असं मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही. पडवीत वैनी दळायला बसल्या होत्या. गाडीत बांधून द्यायच्या भाकरीसाठी पीठ. अण्णांनी जात्याचा खुंटा एका झटक्यात उपटला. लोखंड मी सगळं नेलं होतं — लाकूड माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ते माझ्याकडं धावले. माझ्याकडंच. खुंटा वर गेला आणि वैनी मध्ये आल्या. नवऱ्याला अडवायला आल्या की मला वाचवायला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. घाव डाव्या डोळ्यावर बसला. त्या पीठ भरलेल्या हातांनी तोंड धरून खाली बसल्या आणि बोटांमधून रक्त आलं, पिठात मिसळून गुलाबी झालं.

मग सगळे तुटून पडले. जवानानं काठी चालवली, पाटलांनी लाथा घातल्या, हणमंतानं कासऱ्यानं पाय बांधले. मीही मारलं. का मारलं? पंच बघत होते म्हणून? की माझ्या खिशातली डबी मांडीला टोचत होती म्हणून? अण्णांच्या तोंडावर, दोनदा, मूठ वळून. त्यांचा दात माझ्या बोटाच्या सांध्यात रुतला. ती खूण अजून आहे. लोक विचारतात तेव्हा सांगतो, लहानपणी पडलो होतो.

पंचनामा झाला. खतरनाक. जवानानं शाबासकी दिल्यासारखी मान हलवली.

एकाच गाडीत दोघांना घातलं. अण्णा बांधलेले, आडवे. वैनी लुगड्याचा पदर डोक्याला गुंडाळून त्यांच्या पायाशी. त्यांना उमरग्याच्या दवाखान्यात उतरवायचं होतं. अख्खी वाट अण्णा एकच बोलत होते — "माझं लिंग कुठं हाय? माझं लिंग कुठं हाय?" जवान वैतागला की काठीचं टोक बरगडीत खुपसायचा. अण्णा कण्हायचे आणि पुन्हा तेच. आणि वैनी — वैनी उरलेल्या एका डोळ्यानं गाडीतला कडबा चिपाडाचिपाडानं बाजूला करून डबी शोधत होत्या. एक कोस. दोन कोस. पदरातून रक्त हनुवटीवर येत होतं, ते पुसायचं सोडून शोधत होत्या.

"भाऊजी, तुम्ही तरी बघा की."

मी बघितलं. मी खाली वाकून कडब्यात हात घातला आणि शोधल्यासारखं केलं. डबी माझ्या खिशात होती.

तेव्हाच का दिली नाही? डबी हातात पडली असती तर ते शांत झाले असते, जवान उतरून परत गेला असता, हणमंतानं गाडी वळवली असती — असं मी स्वतःला सांगितलं. बरं. मग मोटारीत बसल्यावर का दिली नाही? हैदराबादच्या फाटकाशी, जवान कागदावर सही घेऊन निघून गेल्यावर, का दिली नाही? तिथं कोणता कायदा आड येत होता? द्यायची तर कुठून काढली ते सांगावं लागलं असतं. एवढंच होतं. दुसरं काही नव्हतं.

अण्णा बरे झाले. हे सांगायलाच हवं, कारण ते खरं आहे. तिथले डॉक्टर भले होते. सव्वा वर्षानं अण्णा घरी आले — वाळलेले, पण शुद्धीत, आणि नंतर शिंदीच्या झाडाखालूनसुद्धा गेले नाहीत. गावानं मला डोक्यावर घेतलं. शिवानं भावाला यमाच्या दारातून आणलं. शिकलेला भाऊ असावा तर असा. मी ते ऐकून घेतलं. गोड लागलं.

गावात पक्कं झालं होतं की वेडाच्या भरात अण्णांनी लिंग स्वतःच तोडून फेकलं. आमच्या मठाच्या स्वामींनी त्यांना प्रायश्चित्त दिलं, पाच दिवस उपास करवून नवं लिंग बांधलं. अण्णांनी मान खाली घालून सगळं केलं. त्यांच्या छातीवरचा जुना डाग आणि नवी डबी नीट जुळायची नाही, नवी थोडी लहान होती.

आणि वैनींचा डोळा. अण्णा घरी आले त्या दिवशी त्यांनी तो पहिल्यांदा बघितला. तेव्हापासून अण्णांनी हातात जड काही धरलं नाही. लाकूड फोडायचं तर गडी बोलावायचे. माझी मुलं झाली, रांगत त्यांच्याकडं जायची, तर ते हात पाठीमागं बांधून उभे राहायचे. "नको, नको. ह्या हातांचा भरवसा न्हाय."

एकदाच त्यांनी विचारलं. खळ्यावर आम्ही दोघंच होतो. म्हणाले, "शिवा, एक सांगशील? मला थोडं थोडं आठवतंय. मी पाणी मागितलं हुतं. तू आत आला हुतास. मग काय झालं रं? मी का उठलो?"

त्यांना आठवत होतं. एक पाऊल पुढं गेले असते तर सगळं आठवलं असतं. ते माझ्या तोंडाकडं बघत होते, ओढ्याकाठी बसून पाण्याकडं बघायचे तसे.

मी म्हणालो, "अण्णा, मी आत आलोच नव्हतो. तुम्हाला भास झाला. तुम्हाला भान नव्हतं."

त्यांनी मान डोलावली. "तू म्हणतोस तर तसंच असंल. तू शिकलेला."

त्यानंतर बावीस वर्षं जगले. स्वतःच्या हातांना भीत.

गेले तेव्हा रीतीप्रमाणं त्यांना बसवून नेलं. खड्ड्यात उतरवल्यावर स्वामींनी त्यांची डाव्या हाताची मूठ उघडली, नवं लिंग तळहातावर ठेवलं. करंगळी वाकडीच होती, नीट मिटेना. वैनी वर काठाशी उभ्या, एका डोळ्यानं बघत. जुनी डबी माझ्या कोटाच्या खिशात होती. घरातून निघताना मुद्दाम घेतली होती. देईन म्हणून. मला फक्त वाकून हात पुढं करायचा होता.

सगळा गाव बघत होता. मी खिशात हात घातला, डबी धरली. बाहेर काढली नाही. दुसऱ्या हातानं माती टाकली.

ती डबी माझ्या लोखंडी पेटीत आहे. पदवीच्या कागदाखाली.