रांजण दहा पावलांवर होता

"रांजणाला शिवायचं न्हाई. पाणक्या येऊ दे, तो वरून वतील."

मुकादम लिंबाखाली बसूनच बोलला. माझा नवरा त्याच्यासमोर दोन्ही हात पुढं धरून उभा होता. डांबराच्या बादलीची कडी निसटली होती. मनगटापासून बोटांपर्यंत उकळतं डांबर. तो ओरडतही नव्हता. 

निजामाचं राज्य होतं. लोह्याकडची सडक आम्ही महारवाड्यातली माणसं करत होतो. खडी आम्ही पसरायची, डांबर आम्ही उकळायचं. पाणी मात्र पाणक्यानं उंचावरून आमच्या ओंजळीत सोडायचं, असा रिवाज. पाणक्या जेवायला गेला होता. रांजण दहा पावलांवर. काठोकाठ भरलेला.

आणि आम्ही थांबलो. हे सांगायची मला अजून लाज वाटते. कुणी बांधून ठेवलं नव्हतं मला. मी पदरानं वारा घालत पाणक्याची वाट बघत राहिले. डांबर घट्ट व्हायला लागलं. वाटलं, हे निघालं की आग थांबेल. मी माझ्या हातानं ते सोललं. त्याच्याबरोबर कातडी निघाली. तेव्हा तो ओरडला.

बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. कंपाउंडर उंबऱ्याच्या आतूनच बघत होता.

"सोललंस कशाला? लगेच पाण्यात धरायचं. डांबर तसंच राहू द्यायचं. तिथं पाणी नव्हतं का?"

"होतं."

"मग?"

 तो तरी कुठं उंबरा ओलांडत होता! मलमाची डबी आणि पट्टी पायरीवर ठेवून तो मागं सरला. "तूच बांध." मी बांधली, सगळी बोटं एकत्र. ती वेगवेगळी बांधायची असतात, हे त्यानं सांगितलं नाही. बोटं चिकटली ती कायमची. मग मी नवऱ्याला भाकरी भरवायचे. तो भिंतीकडं बघत खायचा.

चूल पेटायला हवी म्हणून मी परत सडकेवर गेले. पुढच्या उन्हाळ्यात आमच्यातल्याच एका बाईच्या पायावर डांबर सांडलं. मुकादम उठला. "थांब गं, पाणक्या येऊन राहिला."

मी थांबले नाही. तांब्या रांजणात बुडवला आणि तिच्या पायावर ओतला. परत बुडवला. परत ओतला. पाठीवर मुकादमाची काठी बसली. मी रांजण तळाला जाईपर्यंत ओतत राहिले. डांबराला नख लावलं नाही, तिलाही लावू दिलं नाही.

"पाणी बाटवलंस!"

"हाव, बाटवलं. उद्या भरून ठेवा. उद्याबी बाटवीन."

त्याच दिवशी कामावरून काढलं. घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं आपली चिकटलेली बोटं माझ्यापुढं धरली. मग म्हणाला, "माझ्या वेळी का न्हाई बुडवलास तांब्या?"

त्याच्या वेळी मी थांबले. ते मरेपर्यंत माझ्याबरोबर राहील. पण कुणाचं अंग जळत असेल, तर आता मी पाणक्याची वाट बघणार नाही. कुणाचीच बघणार नाही.