साडूंचं नाक

आमच्या साडूंबरोबर ज्याने एक रविवार काढला, त्याला सोमवारी ऑफिसला जाणं म्हणजे सुट्टीवर गेल्यासारखं वाटतं. हे मी अनुभवाने सांगतो. आठवडाभर संगणकासमोर मान मोडून घेतल्यावर रविवारी मला फक्त झोपायचं असतं. पण थंडी पडली की महिन्यातून एकदा सकाळी सात वाजता फोन येतो, "निघालात ना?" आणि मी महाळुंग्याहून निघून भूगावला त्यांना गाडीत घेतो आणि आम्ही मुळशीला वाइन चाखायला जातो. चाखतात ते. गाडी मला चालवायची असल्यामुळे माझ्या वाट्याला नुसता वास. हा आनंद सहकुटुंब घ्यायचा अशी त्यांची मूळ योजना होती, पण आमच्या दोघांच्या बायकांनी, म्हणजे या दोघी सख्ख्या बहिणींनी, पहिल्याच खेपेला हात जोडले. मला तेवढं धैर्य झालं नाही. ते वयाने मोठे पडतात.

नाक हीच त्यांची सगळी मिळकत आणि नाक हीच अब्रू. उदबत्तीच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी वासांची मिश्रणं जुळवली. रोज संध्याकाळी ते घरी आले की ताई, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, दारातच अडवून विचारायची, "ओळखा पाहू, काय केलंय?" हे उंबऱ्याबाहेर उभं राहून एक लांब श्वास घ्यायचे आणि भाजी, आमटी, फोडणीत काय जास्त पडलं, काय कमी, सगळं सांगून मगच बूट काढायचे. ताई चारचौघांत सांगायची, "इतरांचे नवरे पानावर बसून जेवतात, आमचे दारातूनच जेवतात." साथीच्या वर्षी त्यांना मोठा ताप येऊन गेला आणि त्यानंतर नोकरीची चांगली पाच वर्षं शिल्लक असताना त्यांनी एकाएकी राजीनामा दिला. "आता जरा स्वतःसाठी जगायचं," असं जाहीर केलं आणि दोन गोष्टींचा ध्यास घेतला. एक वाइन, आणि दुसरी मंडई. भाजीची पिशवी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत, आणि आज कशाचं काय करणार याची ताईकडून सविस्तर जबानी घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत.

वाइनचा कार्यक्रम धरणाच्या पाण्याकाठी, एका मोठ्या बंगल्याच्या हिरवळीवर असतो. एक चुणचुणीत मुलगी ग्लासात दोन-दोन घोट ओतते आणि कशाकशाचा वास येतोय ते विचारते. आयटीतली जोडपी लाजत लाजत "फ्रूटी" म्हणतात. आमचे साडू ग्लास उजेडात धरतात, गरगर फिरवतात, नाक पार आत घालतात, डोळे मिटतात आणि मग तो ग्लास माझ्यापुढे करतात. "तुम्ही सांगा राव, कसला वास येतोय?" मी म्हणतो, "द्राक्षाचा." "तो येणारच. अजून?" "दारूचा." "अहो, नीट बघा जरा!" असं ग्लासामागून ग्लास. शेवटी सुटका करून घ्यायची म्हणून मी काहीही ठोकून देतो, पेरू, ओली माती, वहीचं नवं कव्हर, आणि लगेच ते मोठ्याने त्या मुलीला सांगतात, "पेरू! आणि मागून ओली माती." एकदा मी वैतागून "रॉकेल" म्हणालो, तर तेही त्यांनी गंभीरपणे जाहीर केलं. ती मुलगी खूश झाली. एका जातीच्या वाइनला म्हणे तसा वास खरंच असतो.

वाइन झाली की जेवण जवळच्याच माले गावात. तिथे एका मावशींनी घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात. सांगून ठेवलं तर चुलीवर गावठी कोंबडी, तांदळाची भाकरी आणि घरच्या शेतातल्या आंबेमोहोराचा भात मिळतो. मावशींचा एक रिवाज आहे. भाताला वास सुटला की त्या काही बोलत नाहीत, पाहुणा आपणहून काय म्हणतो त्याची वाट बघतात. साडू दर वेळी इतकं बोलायचे की आजूबाजूची दोन घरंही खूश व्हायची.

गेल्या डिसेंबरात आम्ही गेलो तेव्हा नवा तांदूळ नुकताच आला होता. मावशींनी भात चुलीवर ठेवला आणि त्या कोथिंबीर आणायला परसात निघाल्या. साडू चुलीशेजारी पाट घेऊन बसले होते. "पाव्हणं, जरा भाताकडं ध्यान ठेवा," मावशी म्हणाल्या. "वास सुटला की खाली उतरवा. तुमाला काय सांगायचं म्हना, तुमी तर वासातलंच मानूस." साडू हसून हो म्हणाले. मी अंगणातल्या बाजेवर आडवा झालो आणि मला तिथेच डुलकी लागली. जाग आली ती करपल्याच्या वासाने. असा उग्र वास की कुत्रंही उठून लांब जाऊन बसलं होतं. मी आत धावलो. साडू चुलीपासून हातभर अंतरावर, पातेल्याकडे तोंड करून, अगदी लक्ष देऊन बसले होते. शाळेत पहिल्या बाकावर बसलेल्या मुलासारखे. वाट बघत होते.

मागून मावशी आल्या. "आवं, समदा भात कोळसा झाला की! हितं बसून काय करत हुता? नाक हाय का न्हाई तुमाला?"

"नाही, मावशी," साडू म्हणाले. "पाच वर्षं झाली."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते पातेल्याकडेच बघत होते. त्या तापात वास गेला तो गेलाच. कारखान्यात चंदन कुठलं आणि केवडा कुठला हे बाटलीवरची चिठ्ठी वाचून कळायला लागलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज वेगवेगळे वास घेत राहा, आला तर येईल परत. "वाइनच्या एका ग्लासात वीस वास असतात म्हणे," ते मला म्हणाले. "म्हटलं, त्यातला एखादा तरी ओळख देईल." मग म्हणाले, "हिला सांगू नका. मला कळत नाही हे समजलं ना, तर ती जीव ओतून करायचं सोडेल. तिचं करणं मला हवंय हो." मला माझा पेरू आठवला, रॉकेल आठवलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

मावशींनी हळहळ वगैरे काही व्यक्त केली नाही. "मंग आदी सांगायचं न्हाई व्हय?" म्हणाल्या आणि दुसरा भात टाकला. "वासावर कशाला बसताय? कान द्या. पानी आटलं की बोलायचं थांबतंय बगा." साडूंनी पातेल्याजवळ कान नेला. अगदी वेळेवर उतरवलं त्यांनी. या वेळी मावशी वाट बघत होत्या, आणि बोलायची पाळी माझी होती. मी आयुष्यात पहिल्यांदा मन लावून वास घेतला आणि म्हणालो, "भाऊ, आपल्या सासऱ्यांच्या अंगणातलं आंब्याचं झाड. माझ्या लग्नात मांडवावर मोहोर गळत होता, तो." साडूंनी ताट पुढे ओढलं. "तुमच्या लग्नात मोहोर लवकर आला होता," एवढंच म्हणाले आणि जेवायला लागले.

परतीच्या वाटेवर काच खाली करून मी सांगत होतो, ही पौडची भजी, हे शेण, हे भूगावातलं ओलं सिमेंट. अंग मोडून आलं होतं. कधी एकदा त्यांना सोडतो आणि घरी जाऊन पडतो असं झालं होतं. पण मावशींनी दिलेल्या नव्या तांदळाची जड पिशवी होती, म्हणून वरपर्यंत गेलो. ताईने दार उघडलं आणि म्हणाली, "ओळखा पाहू, काय केलंय?" सकाळी लवकर निघाल्यामुळे त्या दिवशी मंडई झाली नव्हती, आणि ताईची जबानीही राहिली होती. साडूंनी माझ्याकडे बघितलं. मी बूट काढायच्या निमित्ताने खाली वाकलो आणि पुटपुटलो, "कुळीथ." त्यांनी पूर्वीसारखा लांब श्वास घेतला. "कुळथाचं पिठलं! पण हिंग जरा कमी पडलाय."

हिंगाचं मी काही बोललो नव्हतो. तो त्यांनी पदरचा घातला होता.

"अगं बाई!" ताई म्हणाली. "डबी संपलीच होती हो, खरवडून घातला. काय नाक म्हणायचं हे!" आणि ती आनंदाने पानं घ्यायला आत गेली.

साडू जागचे हलले नाहीत. त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला आणि पुन्हा एक श्वास घेतला, या वेळी कुणाला दाखवण्यासाठी नव्हे. मग आणखी एक. मी वाकल्या जागेवरून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. थोड्या वेळाने त्यांनी नकारार्थी मान हलवली, माझ्याशेजारी खाली बसले आणि बुटाची नाडी सोडायला लागले.

"जेवूनच जा," ते म्हणाले. "आणि पानावर बसलात की मला जरा सांगा, कसं झालंय."