सातवं बटण

विद्यार्थ्यांना मिळून निर्णय घ्यायला शिकवायचं म्हणून मी एक खोका करून घेतला होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात मी मेडिसिन शिकवायची आणि सहा जणांची तुकडी घेऊन वॉर्डात हिंडायची. माझा स्वभाव तिखट, हे आधीच सांगून टाकते. आमच्याकडे 'मिळून ठरवणं' म्हणजे काय, तर ज्याचा आवाज मोठा त्याने बोलायचं आणि बाकीच्या पाचांनी नंदीबैलासारख्या माना डोलवायच्या. वर मॅडमच्या कपाळाला आठी पडली का, ते चोरून बघायचं. माझं डोकंच फिरायचं. अरे, उद्या कुणाचा जीव तुमच्या हातात असेल, तेव्हा काय माझं कपाळ बघायला याल?

म्हणून शुक्रवार पेठेतल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याला गाठलं. त्याने लाकडी खोक्यावर एकच लाल दिवा बसवला, आत टॉर्चचे सेल टाकले आणि लांब वायरी बाहेर काढून प्रत्येकीच्या टोकाला दारावरच्या बेलचं पितळी बटण लावलं. कुठलंही दाबा, तोच दिवा पेटायचा. कुणी दाबलं ते कळायला मार्ग नाही. काय करायचं ते मी मोठ्याने सांगायची, पोरं बटणं पेशंटच्या चादरीखाली धरायची आणि ज्याला पटत नसेल त्याने दाबायचं. दिवा पेटला की ते करायचं नाही, आणि हात कुणाचा होता ते विचारायचंही नाही. सातवं बटण त्याने माझ्यासाठी केलं होतं. ते मी कधी धरलं नाही. पलंगावर कुठेतरी पडलेलं असायचं.

त्या उन्हाळ्यात सांगोल्याकडची एक मुलगी आली. असेल विशीची. रात्री अंगणात जमिनीवर झोपलेली, पहाटे पोट दुखतंय म्हणून उठली. मग पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली, आणि आमच्याकडे पोचेपर्यंत श्वास बंद पडत आला होता. साप चावला असेल म्हणून सगळं अंग तपासलं. कुठे खूण नाही, सूज नाही. खूण नाही म्हणजे साप नाही, असा आमचा तेव्हाचा हिशेब. घशात नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास देत राहिलो. पोरं आळीपाळीने दाबायची, अधूनमधून सिस्टर. पिशवीचा तो फुस्स फुस्स आवाज वॉर्डभर ऐकू यायचा. शेजारच्या खाटांवरचे पेशंट तिच्याकडे पाठ करून झोपायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही फरक नाही. नाडी होती, बाकी काही नाही. पापणी उचलली की आत बाहुली हीऽ मोठी; उजेड टाकला तरी जागची हलत नव्हती. पेनाने नख दाबून बघितलं. बोट माझ्या हातातून ओल्या फडक्यासारखं गळून पडलं. तिची आई पायथ्याशी बसून होती. तिने एकदाच विचारलं, "बाई, झोपलीया न्हवं?" तिला मी बाहेर बसायला सांगितलं.

मग खोका मागवला. आमच्यातला मोठ्या आवाजाचा पोरगा म्हणाला, "मॅडम, मेंदू गेलाय. आपण नुसती हवा भरतोय." मला स्वतःलाही तसंच वाटत होतं. पलंगाशी उभी राहून मी स्पष्ट बोलले, "हिच्यात आता कोणी उरलेलं नाही, असं तुमचं म्हणणं. पिशवी थांबवायची. ज्याला पटत नाही त्याने दाबा." सिस्टर पिशवी दाबत होती. सहा जण चादरीखाली हात घालून उभे. कुणाची मान हलेना, कुणी माझ्याकडे बघेना.

दिवा पेटला.

मिणमिणता, क्षणभरच. पण पेटला. मोठ्या आवाजाच्या पोराने सगळ्यांकडे डोळे वटारून बघितलं. मी त्याच्यावर खेकसले, "नियम म्हणजे नियम. घे पिशवी." आणि आम्ही पुन्हा सुरू केलं. त्या दिव्याचा मला खरं तर रागच आला होता. आता किती वेळ चालायचं हे? पण कुणालातरी पटलं नव्हतं ना, बस्स.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पायाचा अंगठा हलला. मग भुवई. मग तिने आपणहून, अगदी उथळ, एक श्वास घेतला आणि सिस्टर ओरडलीच. मण्यारच चावली असणार. झोपेत चावली तर माणसाला कळतही नाही आणि खूणही दिसत नाही, हे त्या पोरीने आम्हाला शिकवलं.

सगळं सुरळीत झाल्यावर मी माझाच नियम मोडला. चहा मागवला आणि विचारलं, "सांगा आता, कोण तो शहाणा? पाठ थोपटायचीय." कुणीच बोलेना. मला वाटलं लाजतायत. एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, तरी नाही. शेवटी तो मोठ्या आवाजाचा म्हणाला, "मॅडम, माझा हात असता तर मी गावभर सांगत हिंडलो असतो की!" ते खरंच होतं. मी खोका पुन्हा शुक्रवार पेठेत नेला. दुकानदाराने वायरी ओढून बघितल्या, हलवून बघितल्या. कुठे काही सैल नव्हतं. "आपोआप पेटायचा न्हाय बाई," तो म्हणाला, "बटणं कडक हायती."

घरी जायच्या दिवशी ती खाटेवर बसली होती, आई वेणी घालत होती. नळीमुळे तिचा आवाज घोगरा झाला होता. मला बघून म्हणाली, "तुमी म्हणला व्हता, हिच्यात कोन उरलं न्हाय."

मी खाटेजवळ वाकले. म्हटलं, "तू ऐकत होतीस?"

"समदं. आये रडत व्हती, ते बी. डोळं उघडत न्हवतं, बोट हलत न्हवतं. तुमी नख दाबलं तवा लई दुखलं." मग तिने आपल्या तळहाताकडे बघितलं. "हाताखाली कायतरी गार गोल व्हतं. तुमी म्हणला दाबा, म्हून मी दाबलं."

तो हात मी स्वतः तपासला होता. त्यात कणभरही ताकद नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. तरी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं केलंस गं. तू दाबलंस म्हणून आम्ही थांबलो नाही."

तिने बोटं एकदा मिटून उघडली. मग म्हणाली, "आदल्या दिवशीबी दिवसभर दाबत व्हते की. पर तवा हाताखाली कायच न्हवतं."