गरम न होणारी गाडी

“फेल. पुन्हा फेल, ताई.”

पीयूसीवाल्या गजाननने कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे फिरवला. सायलेन्सरमध्ये प्रोब, म्हणजे धूर तपासणारी नळी, लावलेली होती. सीओचा, म्हणजे धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा आकडा सकाळपेक्षा बराच खाली आला होता, पण मर्यादेच्या आत नव्हता. गाडीत मागच्या सीटवर खोब्रागडे सिस्टर पर्स छातीशी धरून बसल्या होत्या. ड्रायव्हरच्या शेजारी त्यांचा मुलगा प्रवीण.

“आई, मी तुले म्हटलं होतं,” प्रवीण म्हणाला. “भंगारात द्याचीच गाडी आहे हे.”

“तू चूप बस,” सिस्टर म्हणाल्या. “बाई पाहून राह्यली ना.”

बाई म्हणजे मी. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत माझं गॅरेज आहे. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला तेव्हा घरचे म्हणाले, लग्नानंतर कर काय करायचं ते. लग्न केलं आणि गॅरेजही काढलं.

सिस्टर महागावकडच्या एका खेड्यात राहतात. सरकारी दवाखान्यात बाळंतपणं करणाऱ्या नर्स होत्या, आता रिटायर. त्यांची छोटी पांढरी पेट्रोल गाडी पंधरा वर्षांची झाली होती. इतक्या जुन्या गाडीचं रजिस्ट्रेशन वाढवायचं तर आरटीओत पासिंग करावं लागतं, आणि पासिंगला पीयूसी लागते. अपॉइंटमेंट दुसऱ्या दिवशी सकाळची होती. गाडी काळा धूर सोडत होती. गावाकडच्या मिस्त्रीने सांगितलं होतं, इंजिन गेलं, उतरवावं लागेल. प्रवीण यवतमाळात बँकेत आहे. त्याचं म्हणणं, गाडी काढून टाक आणि माझ्याकडे राहायला ये. सिस्टरांचं म्हणणं, गावातल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात कोण नेणार? ऑटोवाला रस्ता पाहूनच नाही म्हणतो. भांडण गाडीचं नव्हतंच खरं तर, त्या कुठे राहणार याचं होतं.

सकाळी गाडी आली तेव्हा मी आधी धुराचा रंग पाहिला होता. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, तो आजार मोठा. काळा धूर म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. हा बहुतेक वेळा बरा होतो. खात्रीसाठी कम्प्रेशन तपासलं, म्हणजे इंजिनचा दम किती आहे ते पाहिलं. दम चांगला होता.

“इंजिन ठणठणीत आहे,” मी म्हटलं.

“पाह्य!” सिस्टर मुलाला म्हणाल्या.

मग एअर फिल्टर उघडला आणि हसूच आलं. आत कापूस. खोटं नाही, बोटभर जाडीचा पांढरा थर.

“सिस्टर, गाडी कुठं उभी करता?”

“जिनिंगसमोर. तिथंच सावली आहे ना.”

सीझनमध्ये जिनिंगमधून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून उडणारा सगळा कापूस गाडीने श्वासातून ओढला होता. नवा फिल्टर घातला. प्लग काढले, ते काजळीने काळेकुट्ट. तेही बदलले. ऑइल बदललं, इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ केली. गाडी इतकी गुळगुळीत चालायला लागली की मी छाती फुगवून सांगितलं, “चला, पास होते पाहा.”

आणि इथे पीयूसीला येऊन पुन्हा फेल.

परत गॅरेजला येताना गाडी मी चालवली. थंडीचे दिवस होते. प्रवीण काच वर करत म्हणाला, “हीटर पण नाही चालत मॅडम हिचा.” मी टेम्परेचरच्या काट्याकडे पाहिलं. काटा तळाशी पडून होता. इतकं अंतर चालूनही इंजिन गरमच झालं नव्हतं.

गॅरेजमध्ये आधी काटा खोटा आहे का ते स्कॅनर लावून पाहिलं. काटा खरं बोलत होता. इंजिन थंड झाल्यावर थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं.

आत काहीच नव्हतं. रिकामी जागा.

“काय झालं व?” सिस्टरांनी विचारलं.

मी समजावलं. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं छोटं दार. इंजिन थंड असेपर्यंत दार बंद राहतं, रेडिएटरकडचं थंड पाणी इंजिनात येत नाही. इंजिन पुरतं तापलं की दार आपोआप उघडतं. तुमच्या गाडीत दारच नाही. पाणी सारखं फिरतं, इंजिन कोमट राहतं. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं, गाडी आताच सुरू झाली आहे, थंडी आहे, पेट्रोल जास्त द्या. तो देतच राहतो. म्हणून काळा धूर.

“पण काढलं कोणं?”

मग प्रवीणने घसा साफ केला.

“आई, आपण उन्हाळ्यात नागपूरले गेलतो ना, लग्नाले? गाडी गरम झालती रस्त्यात. तिथला मिस्त्री म्हणे, थर्मोस्टॅट काढून टाका, कटकट जाते. मी म्हटलं, काढ.”

सिस्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “म्हणजे एवढे दिवस माह्या गाडीले नावं ठेवून राह्यला, अन् आजार तुह्याच औषधानं झाला?”

प्रवीण आधी ओशाळला आणि मग स्वतःच हसायला लागला. “मले काय माहीत! मॅडम, ते झाकण द्या, मीच आणतो तो थर्मोस्टॅट.”

“झाकण कायले?” सिस्टरांनी विचारलं.

“रिकाम्या हातानं कसा जाऊ? दुकानदाराले नमुना दाखवाले काहीतरी पाह्यजे ना.”

गेला खरा, पण एकेका दुकानातून त्याचा फोन. “मॅडम, इथं हसून राह्यले. म्हणते, काढाले सगळे येतेत, लावाले कोणी येत नाही.” दुपार उतरायला लागली. सिस्टर घड्याळाकडे पाहत नव्हत्या, पण पर्सची चेन उघडत-लावत होत्या. मी तेवढ्यात गाडी मुळात का तापली असेल ते शोधलं. रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता, वायर तुटलेली. ती जोडली. रेडिएटरमध्ये नुसतं गंजकं पाणी होतं, ते काढून धुऊन कूलंट भरायची तयारी केली.

शेवटी प्रवीण आला. कपड्यांवर धूळ, चेहऱ्यावर विजय. “दुकानाच्या माळ्यावर चढून काढला!”

जुना माल, म्हणून आधी तपासणं भाग होतं. चहाच्या भांड्यात पाणी ठेवलं, थर्मोस्टॅट दोऱ्याने आत सोडला आणि गॅस पेटवला. आम्ही तिघं वाकून पाहत राहिलो. बराच वेळ काही नाही. पाण्याला बुडबुडे आले आणि मधली चकती हळूच वर सरकली.

“उघडलं ना व!” सिस्टर टाळी वाजवून ओरडल्या. “वेळ झाली की आपोआप उघडते. अख्खी नोकरी हेच तर पाह्यलं मी!”

मला हसू आवरेना. प्रवीण दुसरीकडे पाहायला लागला.

थर्मोस्टॅट बसवला, कूलंट भरलं, गाडी फिरवली. काटा उठला, मध्यावर आला आणि तिथेच थांबला. पंखाही वेळेवर सुरू झाला. पीयूसीवर पोचलो तेव्हा गजानन शटर ओढायच्या बेतात होता. त्याने प्रोब लावला, स्क्रीन पाहिला, पुन्हा पाहिला.

“ताई, इंजिन बदलून आणलं का?”

दुसऱ्या दिवशी आरटीओच्या मैदानात मीही गेले. इन्स्पेक्टरने रेस दिली, मागे जाऊन सायलेन्सर पाहिला, लाइट, ब्रेक, हॉर्न सगळं तपासलं. मग विचारलं, “गाडी चालवते कोण?”

“मीच,” सिस्टर म्हणाल्या.

प्रवीणने तोंड उघडलं होतं, ते मिटलं. गाडी पास झाली. संध्याकाळी सिस्टरांचा गावाहून फोन आला, सुरात तक्रार होती. हीटर आता एवढा चालतो की बंद कसा करायचा ते विचारत होत्या.

तेव्हापासून जुनी गाडी आली की मी आधी काय खराब झालं ते विचारत नाही, काय काढून टाकलं ते विचारते. उत्तर बहुतेक वेळा गाडीत शेजारीच बसलेलं असतं.