परभणी कितव्या नंबरावर

मी कॉलेजात शिरले ती नाक मुरडून.

मॅट्रिक झाले आणि वडील मला एसटीनं उस्मानाबादला घेऊन गेले. तेव्हा धाराशिवला आम्ही उस्मानाबादच म्हणायचो. मला सायन्स हवं होतं. का, तर तिथल्या काचेच्या नळ्या मी एकदा खिडकीतून पाहिल्या होत्या. खिडकीआडच्या कारकुनानं विचारलं, "आर्ट्स का सायन्स?"

आता आमचं सगळं शिक्षण भूमच्या बाजारात झालेलं. म्हैस घ्यायची तर मनात भरलेल्या म्हशीकडं सगळ्यात शेवटी जायचं. आधी दुसऱ्या चार म्हशींचे दात बघायचे, मग हिच्यापाशी येऊन "शिंगं वाकडी दिसत्यात" असं म्हणायचं. आपल्याला काय पाहिजे हे कळलं की व्यापारी भाव चढवतो. तर मी तोंड वाकडं करून म्हणाले, "काहीबी चालतंय."

आणि घासाघीस कधी सुरू होते याची वाट बघत उभी राहिले.

त्यानं आर्ट्सचा शिक्का मारला आणि "पुढचा" म्हणाला. परत येताना ती शहाणी पोरगी, म्हणजे मीच, एसटीत वडिलांना सांगत होती, "म्या काय कळू दिलं न्हाय त्यांना!" पुढची सगळी वर्षं राज्यशास्त्राची आणि माझी नुसती तोंडओळख राहिली.

एवढ्यानं अक्कल यावी की नाही? नाही आली. यंदा नातीची बारावी झाली, सीईटी झाली, आणि मी पुन्हा बाजाराला निघाले.

आमच्या घरी खव्याची भट्टी आहे. उन्हाळ्यात खवा पुण्याला पोचेपर्यंत कधी कधी आंबतो. तो का आंबतो आणि कसा टिकवायचा, हे नातीला शिकायचंय. त्यासाठी परभणीला अन्न तंत्रज्ञानाला जायचंय. माझ्या लेकाचं, म्हणजे तिच्या बापाचं (ती त्याला दादा म्हणते), म्हणणं, जवळच्या शेतकी कॉलेजात जा, सकाळी जा, संध्याकाळी म्हशींपाशी हजर. कॉलेजांच्या पसंतीची यादी भरायला आम्ही दोघी आमच्या धाराशिवकडच्या वाशीतल्या नेट कॅफेत गेलो. वाटेत मी तिला मंत्र दिला, "परभणी वर टाकू नकोस. चौथ्या नंबरावर टाक, खाली, दुर्लक्ष केल्यासारखी. त्या कंप्युटरला कळलं ना पोरीचा जीव कशात आहे, तर तो भाव चढवून बसंल."

कॅफे चालवणारी बाई लेकरू मांडीवर घेऊन टायपिंग करत होती. नातीनं सांगितलं, "ताई, एक नंबरला परभणी."

मी खेकसले, "चौथा!"

"आज्जी, तुमी गप बसा वो," नात म्हणाली.

"का गप बसू? उगं पिकलेत का हे केस?"

बाईनं लेकराला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "आज्जी, हे यंत्र वरून खाली बघतंय. मार्कांत बसणारं पहिलं जे लागंल ते हातात देतंय. तुमी शेतकीला वर टाकलं आन ते लागलं, तर ते खाली परभणीकडं बघायला जातच न्हाय. आन एक नंबरचं लागलं की ते घ्यावंच लागतंय."

"म्हंजी घासाघीस न्हाय?"

"न्हाय."

"तोंड वाकडं करायचं न्हाय?"

"बघणारच कोण हाय, आज्जी?"

नात माझ्याकडं बघत होती. रडायच्या बेतात आहे की हसायच्या, ते काही कळेना. मला एकदम त्या खिडकीपुढं नाक मुरडून उभी असलेली ती भवानी दिसली. तिच्या मुस्काटात मारावीशी वाटली. मी म्हणाले, "टाक बाई परभणी वर. अगदी छपराला टेकव."

घरी लेकानं विचारलं, "जवळचं टाकलं ना, आई?"

"टाकलंय की!" मी म्हणाले. कितव्या नंबरावर, हे त्यानं विचारलं नाही. न विचारलेल्याचं उत्तर देणं हे काही माझ्या संस्कारात बसत नाही.

यादी लागायच्या दिवशी नात सकाळपासून फोन घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत होती. रेंज फक्त हौदाच्या कट्ट्यावर येते. लेक भट्टीवर कढईत उलथनं फिरवत होता. एकदम कट्ट्यावरून किंकाळी आली. मला वाटलं, पोरगी हौदात पडली. मी धावले, लेक उलथनं टाकून धावला.

"परभणी!" ती ओरडली. "दादा, परभणी लागली!"

लेक माझ्याकडं वळला. "आई, जवळचं टाकलं म्हणालीस ना?"

"टाकलं होतं की. खाली."

"आन म्हशींचं कोण बघायचं आता?"

"तू बघ. तू कुठं चाललायस?"

तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात वास आला. तिघंही भट्टीकडं पळालो. अख्खी कढई करपून काळीशार झाली होती. लेकानं कडेचा एक तपकिरी गोळा उकरला, फुंकर घातली आणि आधी लेकीच्या तोंडात घातला.

"कडू हाय, दादा."

"असू दे," तो म्हणाला, "पेढा समज." आणि दुसरा गोळा उकरायला वाकला.